वृद्धांचें अन्न आणि घरची तूर

मांजरा व गोदावरी यांच्या खोऱ्यांतील आमची काळी जमीन तूर, हरभरा, मूग व उडीद या द्विदल धान्यांबद्दल प्रसिद्ध आहे. लातूरच्या डाळमिलांतून निघालेली डाळ दूरदूरच्या प्रांतांत जाते. असें असतां, ज्या घरांतून ही तूर पोतीं भरून बाजारास जाते, त्याच घरांतील वृद्धाच्या ताटांत पुष्कळदां भाकरी, पातळ वरण व चहा याखेरीज फारसें कांहीं आढळत नाहीं. "आतां म्हातारपणीं काय लागतें? चतकोर भाकरी पुरे," असें वृद्ध स्वतः म्हणतात आणि घरचीं माणसेंही तेंच खरें मानतात. ही समजूत कितपत बरोबर आहे, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

अन्नाच्या ज्या भागापासून स्नायू बनतात त्यास प्रथिनें म्हणतात. त्यांत नत्र असतें. तुरीच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें शेतकरी बंधू जाणतातच. तेंच नत्र दाण्यांत सांठून आपल्या ताटांत येतें. शरीरांतील स्नायू रोज थोडे झिजतात व रोज थोडे भरून निघतात. तरुणपणीं या जमाखर्चाची तोंडमिळवणी होते. उतारवयांत मात्र तेवढींच प्रथिनें पोटांत गेलीं तरी स्नायू बांधण्याचें काम पूर्वीइतकें होत नाहीं. म्हणून वृद्धास एकंदर अन्न कमी लागलें, तरी त्यांतील प्रथिनांचा वांटा अधिक असावा लागतो.

स्नायू केवळ ओझें उचलण्यासाठीं नाहींत. मनुष्य स्वस्थ बसला असतांही ते उष्णता निर्माण करतात, आणि जेवणानंतर रक्तांत आलेली साखर बव्हंशीं तेच उचलून घेतात. स्नायू आटले कीं चयापचय मंदावतो, साखर रक्तांत राहूं लागते, चरबी वाढते आणि पायांतील बळ जाऊन माणूस पडतो. मांडीचें हाड मोडून अंथरुणास खिळलेले कितीतरी वृद्ध पुन्हा शेताच्या बांधापर्यंत चालत गेलेले नाहींत. या स्नायुक्षयास १९८९ सालीं अमेरिकेंतील आयर्विन रोझेनबर्ग यांनीं ‘सार्कोपेनिया’ असें नांव दिलें.

वजन कायम आहे म्हणजे प्रकृति ठीक आहे, असेंही समजूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील प्रा. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी सुमारें ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१ टक्के भरली. आपल्या लोकांची स्नायूंची पुंजी अशी मुळांतच थोडी. वृद्धापकाळीं ती घटूं देणें आपणांस परवडणारें नाहीं.

आतां प्रमाण पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं प्रौढ माणसासाठीं शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें सांगितलीं आहेत. पासष्टीपुढील माणसांसाठीं युरोपांतील वृद्धवैद्यक तज्ज्ञांच्या मंडळानें २०१३ सालीं १ ते १.२ ग्रॅम हें प्रमाण सुचविलें. म्हणजे ५० किलो वजनाच्या वृद्धास ५० ते ६० ग्रॅम हवींत. प्रत्यक्ष जमा काय? ज्वारीच्या १५० ग्रॅम पिठांत १५ ग्रॅम, पातळ वरणांतील २० ग्रॅम डाळींत ४ आणि चहाच्या दुधांत २, एकूण २१. निम्म्याहून अधिक तूट! तीच डाळ ६० ग्रॅम केल्यास १३, पाव लिटर दूध किंवा दही यांत ८, शेंगदाण्याचें ३० ग्रॅम कूट यांत ७ आणि तितक्याच फुटाण्यांत ६. भाकरीचे १५ धरून बेरीज ४९ होते. अंडें खाणाऱ्यास एका अंड्यापासून आणखी ६ ग्रॅम मिळतात.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक उणा असतो, तो डाळींत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण, पिठलें किंवा उसळ असावी. दांत नसल्यास मऊ खिचडी, मुगाचें धिरडें किंवा फुटाण्यांचें पीठ ताकांत कालवून द्यावें. हें सारें एकाच जेवणांत न देतां तीन वेळां विभागून द्यावें. सकाळ नुसत्या चहावर काढूं देऊं नये. आपल्या सोयाबीनची पेंड कोंबड्यांस पोसते. तेंच सोयाबीन नीट भाजून ज्वारीच्या दळणांत थोडें मिसळल्यास घरच्या माणसांसही उपयोगी पडेल. कच्चें मात्र खाऊं नये.

नुसत्या अन्नानें स्नायू टिकत नाहींत, त्यांस कामही हवें. रोज चालणें, बाजेवरून हातांचा आधार न घेतां कांहीं वेळां उठणें-बसणें, एवढें तरी झेपेल तसें करावें. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून प्रथिनें वाढवूं नयेत.

रोज ६० ग्रॅम डाळ म्हणजे वर्षास सुमारें २२ किलो, आणि तेवढ्या डाळीस तूर साधारण ३० किलो लागते. फुटाण्यांसाठीं हरभरा १२ किलो धरावा. खळ्यावरील माल बाजारास निघण्यापूर्वी, बियाणें राखून ठेवतों त्याचप्रमाणें, घरांतील प्रत्येक वृद्धामागें एवढें धान्य बाजूस काढावें, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची सूचना आहे. ज्यांनीं ही जमीन जतन करून आपल्या हातीं दिली, त्यांचा तिच्यावरील हा पहिला हक्क होय.