हूल किती वेळा द्यावी?

हातात भिकार पाने असूनही छातीठोकपणे बोली वाढवणारा गडी आपण सर्वांनी पाहिलेला असतो. कोणी त्याला धाडसी म्हणतो, कोणी लबाड. पण हूल किती वेळा द्यावी याचेही गणित आहे आणि व्यापारातील स्पर्धा समजून घ्यायला ते उपयोगी पडते. पत्त्यांचा कॅट आणि थोडे चिंचोके घेऊन आपण ते वर्गातच करून पाहू.

सुमा आणि रघू खेळत आहेत असे समजू. दोघांनी प्रत्येकी 1 चिंचोका मध्ये ठेवायचा. सुमाने पिसलेल्या कॅटातून एक पान ओढून एकटीनेच पाहायचे. पान लाल असेल तर जीत तिची, काळे असेल तर रघूची. पान पाहून तिने एकतर डाव सोडायचा, म्हणजे 1 चिंचोका गमवायचा, किंवा आणखी 1 लावायचा. तिने लावला तर रघूनेही एकतर डाव सोडून 1 गमवायचा, किंवा 1 लावून ‘पान दाखव’ म्हणायचे. मग हारजीत 2 चिंचोक्यांची. दर डावानंतर पान परत कॅटात घालायचे.

सरासरीने 6 डावांत 3 पाने लाल, 3 काळी येतील. सुमा कधीच हूल देत नसेल, तर तिने चिंचोका लावताच रघू डाव सोडेल. तिला 3 मिळतील, 3 जातील, शिल्लक शून्य. प्रत्येक काळ्या पानावर तिने हूल दिली, तर रघू दर वेळी पान पाहील. 6 मिळतील, 6 जातील, पुन्हा शून्य!

आता 3 काळ्या पानांपैकी एकावरच हूल द्या. रघू नेहमी डाव सोडत गेला तर 3 + 1 − 2 = 2. नेहमी पान पाहत गेला तर 6 − 2 − 2 = 2. रघूने काहीही केले तरी सुमाचा फायदा 2 चिंचोके. हूल पकडली गेली तरी तिच्यामुळे लाल पानांवर दुप्पट मिळाले. मात्र हूल केव्हा येणार हे रघूला कळता कामा नये. म्हणून सुमाने गुपचूप फासा टाकावा. 1 किंवा 2 पडले तरच हूल.

जॉन फॉन नॉयमन यांनी अशा खेळांचे प्रमेय 1928 साली सिद्ध केले. 1944 साली अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरमधील हुलीचेही गणित मांडले.

जुनी कंपनी नव्या स्पर्धकाला ‘भाव पाडू’ अशी धमकी देते, तेव्हा तिची खरी ताकद हे न दिसणारे पान असते. धमकी नेहमीच पोकळ निघाली तर कोणी भीत नाही.

पण एक फरक विसरू नये. पत्त्यांत चिंचोके तेवढेच राहतात, फक्त हात बदलतात. बाजारात तसे नसते. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने मोफत सेवा देऊन मोबाइलच्या बाजारात उडी घेतली. इतरांनाही दर उतरवावे लागले. ग्राहकांचा फायदा झाला, पण काही कंपन्या बंद पडल्या आणि 2018 साली व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. भावयुद्धात सगळे विक्रेते एकदमच हरू शकतात.

विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रश्न द्यावा : जादा 1 ऐवजी 2 चिंचोके लावायचे ठरले तर? उत्तर येते, दर 2 काळ्या पानांमागे एक हूल. ते कसे, हे त्यांनाच शोधू द्यावे.