मीटर का पळतो? गिरणीत कळलेले विज्ञान

आज बोलायचे आहे विजेविषयी, पण सुरुवात भांडणापासून करावी लागेल.

आमच्या गटाने बँकेचे कर्ज काढून पिठाची गिरणी घातली. तीन हॉर्सपॉवरची मोटर, दगडाची चक्की. वर्षभर सगळे सुरळीत चालले. मग एका महिन्याच्या बिलात युनिट तिसऱ्या हिश्श्याने वाढलेले दिसले. दळणाची वही काढून पाहिली, तर किलो मागच्या महिन्याइतकेच. बैठकीत कुणी उघड काही बोलले नाही, पण सगळ्यांची नजर किल्ली सांभाळणाऱ्या मावशींकडे वळली. वहीत न लिहिता कुणाकुणाचे दळण दळून देतात, पैसे परस्पर घेतात, असा संशय. मावशींनी किल्ली सतरंजीवर ठेवली आणि त्या उठून गेल्या.

गट मोडायला एवढे पुरते. आपल्यापैकी अनेकींनी ते पाहिलेले आहे. त्या दिवशी आम्हाला एवढेच कळले की ज्या युनिटावरून आपण माणसावर संशय घेतो आहोत, ते युनिट म्हणजे नेमके काय हे आपल्यातल्या एकीलाही सांगता येत नाही. म्हणून एकीच्या मुलीचे सातवीचे विज्ञानाचे पुस्तक मागून आणले आणि बसलो.

पुस्तकात लिहिले होते, ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. वाक्य पाठ होते, पोटात उतरत नाही. मग आम्ही घागरीने मोजले. पंधरा लिटरची भरलेली घागर दहा मीटर खोल विहिरीतून वर ओढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या सुमारे २४०० घागरी ओढल्या की एक युनिट होते. हो, चोवीसशे. घागरीचे आणि दोराचे वजन तर यात धरलेलेच नाही. धडधाकट माणूस दिवसभर राबू शकेल अशा बेताने काम करतो तेव्हा साधारण ७५ वॅट शक्ती लावतो. त्या हिशेबाने एक युनिट भरायला त्याला तेरा तासांवर राबावे लागेल. पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी किती युनिटे दळली असतील, याचा हिशेब कुणी कधी ठेवला नाही.

आता वॅट आणि युनिट यांतला फरक. वॅट म्हणजे काम होण्याचा वेग, युनिट म्हणजे एकूण झालेले काम. हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी बल्ब एका युनिटात १११ तास जळतो. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सोळा-सतरा तासांत तेवढेच युनिट खातो, कारण तो बहुतेक विजेची उष्णताच करून टाकतो. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड चाळीस मिनिटांत एक युनिट संपवतो. म्हणून घरात बल्ब कुणी चालू ठेवला यावरून सुनेला बोलण्याआधी रॉड किती वेळ लावला ते बघावे, असे आमच्यातल्या एका सुनेनेच सांगितले.

हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. जेम्स वॅट यांना आपले वाफेचे इंजिन विकायचे होते, तेव्हा ते किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी त्यांनी हे माप धरले. पुढे त्यांच्याच नावावरून वॅट हे नाव पडले. आमची मोटर तीन हॉर्सपॉवरची, म्हणजे ती दगडाला सव्वादोन हजारांच्या आसपास वॅट देते. पण त्यासाठी मीटरमधून २७०० वॅट ओढते. मधले साडेचारशे वॅट कुठे जातात? मोटरीच्या अंगाला हात लावा, गरम लागेल. तिथे जातात. ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते. आपल्याला नको त्या रूपात गेली तरी बिलात धरली जातेच.

आणि जी दगडापर्यंत पोहोचते तिचे काय होते? ताजे पीठ डब्यात घेताना हाताला ऊब लागते ना, तेच. दळण्यासाठी लावलेली जवळजवळ सगळी ऊर्जा घर्षणाने शेवटी उष्णताच होते. ही गोष्ट माणसाला उशिरा कळली. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये काउंट रमफर्ड नावाचे गृहस्थ तोफा बनवण्याच्या कारखान्यावर देखरेख करत. तोफेला भोक पाडताना धातू फार तापतो हे त्यांनी पाहिले. त्यांनी तोफेभोवती पाणी ठेवले आणि घोड्यांच्या जोरावर बोथट गिरमिट फिरवत ठेवले. अडीच तासांनी ते पाणी उकळले. खाली विस्तव नाही आणि पाणी उकळते, हे पाहून जमलेली माणसे थक्क झाली. १७९८ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. तोपर्यंत उष्णता हा एक अदृश्य पातळ पदार्थ आहे असेच पुष्कळ शहाणी माणसे समजत होती.

गिरमिट बोथट होते, हा शब्द वाचला आणि आमच्यातली एक काकू म्हणाली, "अगं, आपल्या दगडाला टाकी कधी लावली होती?"

कुणालाच आठवेना. चक्कीच्या दगडाच्या खाचा झिजल्या की तो दाणा कापत नाही, नुसता घासतो. पीठ जास्त तापते, हळू पडते, आणि तेवढ्याच दळणाला मोटर जास्त वेळ चालते. आम्ही मोजायचे ठरवले. चाळीस किलो गहू घेतला. मीटरचे आकडे आधी लिहिले, नंतर लिहिले. एक तास वीस मिनिटे लागली आणि मीटर ३.६ युनिट पुढे गेला. मग टाकी लावणाऱ्याला बोलावून दगड करून घेतला, पट्टा ताणून घेतला, आणि पुन्हा तेवढाच गहू टाकला. एक तास, आणि २.७ युनिट. २.७ चे ३.६ म्हणजे बरोबर तिसऱ्या हिश्श्याची वाढ. बिलात होती तेवढीच.

त्या संध्याकाळी आम्ही चौघीजणी मावशींच्या घरी गेलो. त्या चहा ठेवते म्हणाल्या, पण किल्लीला हात लावला नाही. ती त्यांनी पुढच्या महिन्यात घेतली.

दगडाच्या निमित्ताने वायरमनही आला होता आणि त्याने जे दाखवले ते बिलापेक्षा मोठे होते. गिरणीच्या लोखंडी अंगाला हात लावला की मुंग्या येतात, असे दळणाला येणाऱ्या बायका दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. पावसाळा आहे, ओल असेल, म्हणून आम्ही सोडून दिले होते. अर्थिंगची तार नट ढिला होऊन सुटलेली निघाली.

वीज ही टाकीतल्या पाण्यासारखी समजा. टाकी किती उंचावर आहे ते व्होल्टेज. आपल्याकडे घरात २३०. नळातून किती पाणी वाहते ते अँपिअर. पाणी जसे खाली जायला वाट शोधते, तशी वीज जमिनीकडे जायला वाट शोधते. यंत्राच्या आत एखादी तार सोलली आणि लोखंडाला टेकली, तर पूर्ण अंगात व्होल्टेज येते. अर्थिंगची जाड तार जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जात असेल, तर विजेला ती सोपी वाट मिळते, एकदम मोठा प्रवाह जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. तार तुटलेली असेल तर वाट एकच उरते. तुम्ही. ओले हात, अनवाणी पाय, ओली जमीन असेल तर ती वाट आणखी सोपी. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी: आत जाताना ती आधी टेकते, निघताना शेवटी सुटते. ती पिन काढून टाकून दोन पिनांवर मिक्सर चालवणाऱ्या घरी आम्ही आता थेट बोलतो.

किती वीज जिवाला पुरते? नऊ वॅटच्या बल्बातून निदान ४० मिलिअँपिअर प्रवाह जातो. तेवढाच छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. एवढ्याशा प्रवाहाने एमसीबी पडत नाही, ती जास्त भारासाठी असते. माणूस वाचवायला आरसीसीबी लागते. ३० मिलिअँपिअर वीज वाट चुकून गळाली तरी ती बंद पडते. आम्ही गटाच्या पैशातून ती बसवली. ठराव करताना एकीने खर्चाला हरकत घेतली होती. तिच्याच नणंदेला कपडे वाळत घालायच्या तारेतून शॉक बसला होता हे तिला कुणीतरी आठवण करून दिले. विजेच्या खांबाला किंवा पत्र्याच्या शेडला बांधलेल्या लोखंडी तारेवर पावसाळ्यात कपडे घालू नका. नायलॉनची दोरी बांधा. कुणी चिकटले तर धावत जाऊन हात धरू नका, आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने दूर ढकला, आणि १०८ ला फोन करा.

गतीचे थोडक्यात सांगतो. आमच्या मोटरीची पुली तीन इंचाची, चक्कीची सहा इंचाची. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, मोठी पुली निम्मे, ७२०. वेग निम्मा झाला की फिरवण्याचा जोर दुप्पट मिळतो, म्हणून ही रचना. पण या पट्ट्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर जातो. साडीची लांबी तेवढीच असते. पदर अडकला तर ओरडायलाही वेळ नाही. बटण दाबले की गिरणी लगेच थांबते असेही नाही. फिरत्या जड दगडात साठलेली ऊर्जा संपेपर्यंत तो फिरतच राहतो. पुस्तकात याला जडत्व म्हटले आहे. पट्ट्यावर जाळी बसवलेली नसेल तर गिरणी चालू करू नका. पदर खोचून, वेणी बांधून आत जा.

आता गिरणीच्या भिंतीवर खडूने रोज दोन आकडे लिहितात, सकाळचा आणि संध्याकाळचा. लिहितात मावशीच. चाळीस किलोला तीन युनिटांच्या वर गेले की टाकीवाल्याला निरोप जातो.

घरी एक गोष्ट करून बघा. सगळे दिवे, पंखे, फ्रीज, टीव्ही बंद करा, चार्जर काढा, आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो लुकलुकतो तसे युनिट पुढे सरकते. काही मीटरवर एका युनिटाला ३२०० वेळा, तसा आकडा मीटरवर छापलेला असतो. सगळे बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर कुठे तरी वीज गळते आहे किंवा तुमच्या तारेवर दुसरेच काही जोडलेले आहे. वायरमनला बोलवा. आणि येत्या बैठकीला मागची दोन बिले घेऊन या. त्यावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असते, ते वजा करून युनिट कसे येते, आणि गिरणी महिनाभर बंद ठेवली तरी स्थिर आकार का भरावा लागतो, ते तिथेच बसून पाहू.