विसर्ग सहाशेवीस, आभाळ ढगाळ

पहाटे ५.१५

अंथरुणातूनच फोनवर दोन आकडे बघतो. एक स्टाइल्सव्हिलचा, म्हणजे धरणातून किती सुटतंय त्याचा. दुसरा तिथून खाली हेल एडीचा, म्हणजे नदीत प्रत्यक्ष किती वाहतंय त्याचा. सरकारी मापकं दर पंधरा मिनिटांनी वाचन घेतात. आज वर ६२०, खाली ६६० क्युसेक, पाणी साडेनऊ अंश सेल्सिअस. मांडीभर पाण्यात उभं राहता येईल. आकडा हजाराच्या वर असता तर नाव काढावी लागली असती, आणि आजचं गिऱ्हाईक नवखं आहे. नवख्याला हलत्या नावेतून फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, टाकायला शिकवण्यात दोघांचाही दिवस वाया जातो.

गेल्या आठवड्यात पावसाचा थेंब नाही, तरी नदी भरलेली. डेलावेअर नदीच्या या पश्चिम शाखेवर, जिला इथे सगळे वेस्ट ब्रँचच म्हणतात, हे दर सप्टेंबरला होतं. वर न्यूयॉर्क शहराचं कॅनन्सव्हिल धरण आहे. १९६४ साली पुरं झालेलं, साठा पावणेतेरा टीएमसीच्या आसपास, म्हणजे आपल्या वरसगावएवढा. शहराने या खोऱ्यातल्या तीन धरणांतून रोज ८० कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलावं आणि त्या बदल्यात खाली माँटेग्यूला नदी १,७५० क्युसेकच्या खाली जाऊ देऊ नये, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निवाडा आहे. मधल्या खोऱ्यात पाऊस झाला की धरणाचं दार आवळतात, कोरड पडली की सोडतात. पाणी माँटेग्यूला पोचायला दोनेक दिवस लागतात, म्हणून सोडणाऱ्यांना दोन दिवस पुढचं हवामान ताडावं लागतं. त्यांचा अंदाज चुकला की आमचा दिवस बदलतो.

शिवाय हे पाणी धरणाच्या तळातून येतं, त्यामुळे थंड. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटला श्वास पुरत नाही आणि शहाणा माणूस गळ टाकत नाही. शेजारच्या ज्या नद्यांवर धरण नाही त्या ऑगस्टमध्ये आटतात नि तापतात. म्हणून शरदाच्या सुरुवातीला सगळी गर्दी इकडे.

फ्लायचा डबा अजून उघडलेला नाही. लोक नेमके त्यापासून सुरुवात करतात. ‘आज कुठली चालतेय?’ हा पहिला प्रश्न. माझ्या मते तो चौथा. आधी पाणी किती, मग किती गार, मग उजेड कसला.

सकाळी ७

आजचं गिऱ्हाईक, म्हणजे काका, मोटेलच्या दारात तयार उभे. मूळ चिपळूणचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सध्या मुलीकडे एडिसनला. ‘गुड मॉर्निंग’ वगैरे काही नाही, गाडीत बसता बसता विचारलं, “किती सोडलंय?”

“सहाशेवीस.”

“क्युसेकच ना? मग काहीच नाही.”

त्यांना मला काही समजावावं लागलं नाही. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी पोफळीहून वाशिष्ठीत येतं. भर मे महिन्यात, आजूबाजूचे पऱ्हे कोरडे असताना, चिपळूणला नदी वाहती असते ती त्यामुळे. “पोफळीला मशिनं लागली की आमच्याकडे पाणी चढायचं. आम्ही पोरं तेव्हाच गरवायला जायचो,” काका म्हणाले. निवाड्याची गोष्ट सांगितली तर मान डोलावून, “म्हणजे तुमचा बच्छावत लवाद.” जवळपास तसंच. चार राज्यं आणि एक शहर, पाणी एकच.

मग जरा थांबून म्हणाले, “मुलगी म्हणते, बाबा, पितृपक्षात मासे? म्हटलं, अगं, तिकडे धरून सोडून देतात. खाणार कोण आहे!”

“आणि ते पटलं तिला?”

“तिला पटलं. मला अजून पटायचंय.”

८.३०

धुकं. गार पाण्यावर उबदार हवा आली की वेस्ट ब्रँचवर ते सकाळभर बसून राहतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. फोटोला छान, मासेमारीला नाही. धुकं उठेपर्यंत वर काही हालत नाही असा इथल्या गाईड लोकांचा अनुभव, माझाही. घाई नसतेच. सप्टेंबरात नदी दुपारी उघडते. जूनमध्ये संध्याकाळी साडेआठपर्यंत ताटकळावं लागतं, आता दोन ते पाच हीच वेळ.

सकाळीच काही करायचं तर खाली, मुख्य नदीच्या संथ पाण्यात ट्रायको नावाच्या बारीक मेफ्लाय मरून पडतात त्यांच्या मागे जाता येतं. पण त्यांचा गळ २४ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. हा साबुदाण्यावर ठेवला तरी दाणा मोठा दिसेल. काकांचा चष्मा बघून तो बेत मी बोललोच नाही.

९.१५

वेडर चढवून गुडघाभर पाण्यात. मी एक दगड उचलून उलटा केला. खालच्या बाजूला चपटी, दगडाला चिकटून सरकणारी पिल्लं. पण मला हवी होती ती काठालगत, धारेतल्या दगडावर सापडली: बोटाच्या पेरापेक्षा लहान, गडद तपकिरी, पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच फिकट रेघ. तळहातावरच्या पाण्यात सोडली तर मासोळीगत सुळकन पळाली. आयसोनिकिया. इतर बहुतेक मेफ्लाय पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन पंख फोडतात. ही पुष्कळदा पोहत काठाला येते आणि दगडावर चढून कात टाकते. काकांना कोरड्या दगडावरच्या रिकाम्या काती दाखवल्या. पाठ उभी फाटलेली, रेघ तशीच.

“या कालच्या,” मी म्हटलं. “ओलसर आहेत, वाऱ्याने उडालेल्या नाहीत.”

“म्हणजे पंचनामा झाला,” काका.

त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. सकाळी खळाळात बारा नंबरची गडद निम्फ, म्हणजे या पिल्लाची नक्कल, मण्याने थोडी जड केलेली, दोरी ताणून आडवी जाऊ द्यायची. माशाला पळणारं भक्ष्य बघायची सवय आहे. आणि संध्याकाळी त्याच खळाळात तिचीच तरंगणारी आवृत्ती. मधल्या वेळेचं दुपारी बघू.

दोरी फेकणं शिकवायला तासभर गेला. गरवताना वजन गांडुळाचं आणि शिशाचं असतं, इथे फ्लायला वजनच नाही. वजन जाड दोरीत, आणि काठी वाकवून सरळ केली की ती दोरी उलगडत जाते. काकांचा हात चांगला, पण मनगट मोकळं सुटायचं आणि दोरी मागे झाडीत. हेमलॉकच्या फांदीवर माझ्या फ्लाय शोभून दिसतात, एवढंच म्हणतो.

निम्फवर दोन लहान ट्राउट आल्या. काकांनी बोटाएवढ्या माशाकडे बघून काही म्हटलं नाही.

१२.३०

जेवण. थालीपीठ, लसणीची चटणी, थर्मासमधला चहा. काठाचे रेड मेपल एखाद-दुसऱ्या फांदीवर लाल व्हायला लागलेत, बाकी डोंगर हिरवाच. धुकं उठलं आणि पाठोपाठ ढग आले. मला हवे होते तेच.

दुपारी २.१०

आधी पक्ष्यांनी सांगितलं. सीडर वॅक्सविंग, तपकिरी, तुरेवाले, पलीकडच्या झाडावरून उडून हवेत गिरकी घेऊन परत त्याच फांदीवर. काहीतरी टिपताहेत म्हणजे काहीतरी उडतंय. मग पाण्यावर बारीक करड्या शिडांची रांग दिसली. ब्लू-विंग्ड ऑलिव्ह, मराठीत बोलताना मी नुसतं ‘ऑलिव्ह’ म्हणतो. ढगाळ, दमट, गार हवेत यांचे पंख लवकर वाळत नाहीत, म्हणून त्या उडण्याआधी बराच वेळ पाण्यावर वाहत राहतात. उन्हाच्या दिवशी त्या माशाला कमी मिळतात.

डोह जिथे संपून पाणी सपाट होतं तिथे तीन मासे उठत होते. काकांनी लगेच, “टाकू?”

“थांबा. आधी बघा, तो काय खातोय.”

पाण्याला नुसती फुगी येत होती. नाक दिसत नव्हतं, बुडबुडा मागे राहत नव्हता. मासा वरची शिडं घेतो तेव्हा हवाही गिळतो आणि बुडबुडा सुटतो. बुडबुडा नाही म्हणजे तो पृष्ठभागाच्या खालोखाल, कातीतून अर्धवट निघालेल्या किड्यावर आहे. त्याला वर डौलात तरंगणारी फ्लाय दाखवून उपयोग नाही. बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीचं मऊ पीस असतं, ते लावलेली २० नंबरची इमर्जर काढली. पीस पृष्ठभागाला धरून राहतं, गळाची मागची बाजू पाण्यात लोंबते.

डब्यात ऑलिव्हच्या हिरव्या-तपकिरी अशा पुष्कळ छटा आहेत. त्या मासा पकडण्यापेक्षा गिऱ्हाईक पकडायला जास्त उपयोगी. माझा क्रम ठरलेला: आधी आकार, मग ती पाण्यात किती खोल बसते, शेवटी रंग. आणि या सगळ्याच्या आधी, ती ओढ न बसता वाहते का. इथलं पाणी सपाट आणि नितळ, माशाला बघायला वेळच वेळ. वरच्या प्रवाहाने दोरी खेचली आणि फ्लायमागे बारीकशी रेघ उमटली की तो तोंड फिरवतो. म्हणून आम्ही वरून खाली टाकतो, दोरीत सैल वळणं ठेवून. माशाला फ्लाय आधी दिसते, दोरी नंतर.

पहिल्या माशाने दोनदा खालून येऊन नुसतं बघितलं. काका म्हणाले, “बदल ती.” मी फ्लाय ठेवली आणि शेवटचा धागा बदलला, ५ एक्सचा ६ एक्स, ०.१३ मिलिमीटर, आणि हातभर लांब. बारीक धागा वळतो, त्यामुळे फ्लाय मोकळी वाहते. तिसऱ्या वाहवणीला फुगी आली, तोंड मिटलं, आणि काकांनी वाशिष्ठीत मारायचे तसा झटका मारला. धागा तटकन तुटला.

“अरेरे.”

“गरवणाऱ्याचा हात आहे, काका. तिथे मोठा गळ, जाड तंगूस. इथे नुसती काठी उचलायची, तीसुद्धा तो वळून खाली गेल्यावर.”

“म्हणजे कधी?”

“मनात एक ओळ म्हणा.”

कुठली म्हणाले कोण जाणे, पण दुसऱ्या माशाला ती पुरली. रीळ ओरडलं, दोरी डोहाच्या खोल बाजूला तिरकी कापत गेली. मी फक्त “सोडा, जाऊ द्या, आता भरा” एवढंच बोलत राहिलो. जाळीत आला तो ब्राउन ट्राउट, दीड फुटाला थोडा कमी. ही जात इथली नव्हे. हिची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. सप्टेंबरात नराचं पोट पिवळं-केशरी व्हायला लागतं, कारण पुढच्या महिना-दीड महिन्यात वीण. अंगावरचे लाल ठिपके फिकट निळ्या कड्यात बसवलेले. काकांनी हात ओले केले, जाळी पाण्यातच ठेवली, मी बिनकाट्याचा गळ चिमट्याने सोडवला. उचलून फोटो नको म्हणाले. मासा प्रवाहाकडे तोंड करून हातात क्षणभर थांबला आणि गेला.

“सोडायचं पटलं का?” मी विचारलं.

“अर्धं.”

५.३०

ऑलिव्ह थांबल्या. सकाळच्याच खळाळात आयसोनिकिया, या वेळी तरंगणारी. हरणाच्या केसांचा पंखा उभारलेली बारा नंबरची कंपॅराडन, रंग जांभळट तपकिरी. ही शैली याच नदीकाठी वावरणाऱ्या अल कॉची आणि बॉब नस्तासी या दोघांनी १९७० च्या दशकात रूढ केली. मानेला गुंडाळायचं कोंबड्याचं महागडं पीस लागत नाही, म्हणून माझी आवडती. खळाळात माशाला विचार करायला सवड नसते, एखादा हलकासा हिसका दिला तरी चालतो. काकांना इथे मजा आली. फ्लाय डोळ्यांना दिसत होती, चष्म्याचा प्रश्न मिटला. एक रेनबो लागला आणि उडी मारून सुटला. त्यांनी त्याला चिपळुणी भाषेत जे म्हटलं ते छापता येणार नाही.

संध्याकाळी ७.३०

अंधार पडलाय. मागच्या दाराशी वेडर आणि बूट गरम साबणपाण्यात घासतो. या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ आलंय, दगडावर ओल्या लोकरीसारखं पसरतं. बुटाला लागलेला कण दुसऱ्या नदीत पोचू नये म्हणून हा उद्योग. कंटाळवाणा आहे, रोज करतो. काका जावयाच्या गाडीतून गेले. जाताना विचारून घेतलं की ऑक्टोबरात धरणाची दारं किती उघडी असतात. माशाचं नाही विचारलं.

९.१५

उद्यासाठी फ्लाय बांधायच्या. इमर्जर पुरेशा आहेत. पण रात्री सर येईल आणि उद्या दुपारी उकाडा होईल असा अंदाज आहे. पावसानंतरच्या अशा उबदार, दमट दुपारी सप्टेंबरात पंखवाल्या मुंग्यांची झुंडच्या झुंड पाण्यात पडते. वर्षातून फार तर एक-दोनदा, पण त्या तासाभरात मासे दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत आणि ज्याच्याकडे मुंगी नाही तो काठावर बसून बघत राहतो.

वीस नंबरचा गळ, काळा धागा. मागे एक गोळा, मध्ये कंबर मोकळी सोडायची, पुढे दुसरा लहान गोळा, कंबरेवर पांढरं पीस आडवं. कंबरेला फार लोकर भरली तर मुंगी राहत नाही, तिचा भुंगा होतो. दोन झाल्या. तिसरीच्या वेळी धागा नीट दिसेना, तेव्हा चष्मा शोधायला उठलो.