कॉकिंग गन : जोर किती आणि वेग किती?

वर्कशॉपसाठी बॅटरीवर चालणारी कॉकिंग गन घ्यावी, असा अर्ज यंदा विद्यार्थ्यांनी माझ्याकडे दिला आहे. काचेच्या दुकानात जिला सिलिकॉन गन म्हणतात तीच ही. फक्त दट्ट्या ढकलण्याचे काम हाताऐवजी मोटर करते. प्रोजेक्टच्या गाडीचे पत्रे पॉलियुरेथेनने चिकटवायचे आहेत आणि पैसे एकाच गनपुरते आहेत. निवड चुकली तर पुढच्या चार-पाच तुकड्यांना तीच गन वापरावी लागणार. म्हणून कॅटलॉग उघडण्यापूर्वी थोडे गणित करू.

नेहमीच्या ३०० मिलिलिटरच्या कार्ट्रिजचा आतला व्यास सुमारे ४६ ते ४७ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ जवळजवळ १७ चौरस सेंटिमीटर. हवेवरच्या साध्या गनमध्ये कॉम्प्रेसरची हवा थेट कार्ट्रिजच्या बुडावर दाब देते. दाब ६ बार धरला तर जोर भरतो सुमारे १०० किलो. आता हातगन पाहा. तिच्यावर १२:१ असे गुणोत्तर लिहिलेले असते. चाप १५ किलोच्या जोराने ओढला की, घर्षण सोडून, दांड्याला १८० किलो मिळतात. म्हणजे कॉम्प्रेसरचा एवढा घरघराट करूनही हवेची गन जोराच्या बाबतीत आपल्या मनगटापुढे हरते! बॅटरीच्या १८ व्होल्टच्या मोठ्या गनवर मात्र ४०० ते ५०० किलोचा आकडा दिसतो.

एवढा जोर लागतो कुठे? सिलिकॉनला नाही, ते लोण्यासारखे सरकते. पॉलियुरेथेन घट्ट, त्यात डिसेंबरातली बेळगावची सकाळ असली तर ते हलायलाच तयार नसते. अशा वेळी कार्ट्रिज रात्रभर उबदार खोलीत ठेवावे. नोझलही नीट कापावे. तेलासारख्या साध्या द्रवाच्या बाबतीत नळीचा व्यास निम्मा केला तर त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. सीलंट हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण कल तोच. पुष्कळदा गनचा जोर कमी नसतो, नोझलचे तोंड लहान असते. दोन घटकांच्या इपॉक्सीची गोष्ट वेगळी. तिला मिश्रण करणारे पीळदार नोझल लागते आणि गनही जोड-दांड्यांची लागते. साध्या गनमध्ये ते कार्ट्रिज बसतच नाही.

माझ्या मते मोटरचा खरा उपयोग जोरापेक्षा सातत्यासाठी आहे. हातगनचा चाप पुन्हा पुन्हा दाबावा लागतो आणि दर वेळी हात सैल पडला की रेघ बारीक होते. नेमके तिथे पत्र्याखाली पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. पाणी मात्र शिरते, आणि धक्का बसला की सांधा तिथूनच उकलायला लागतो. तिसऱ्या-चौथ्या कार्ट्रिजला मनगट भरून आल्यावर तर हे हमखास घडते.

आता वेगाचे पाहू. ६ मिलिमीटर व्यासाच्या रेघेचा छेद सुमारे २८ चौरस मिलिमीटर होतो. म्हणजे दांडा १ मिलिमीटर सरकला की ६ सेंटिमीटर रेघ बाहेर पडते. दांडा सेकंदाला १० मिलिमीटर धावू लागला तर रेघ ६० सेंटिमीटर! एवढ्या वेगाने सरळ हात कोण फिरवणार? विक्रेते कमाल वेग अभिमानाने सांगतात. आपण किमान वेग विचारावा. सेकंदाला १ मिलिमीटरच्या आसपास गन न अडखळता चालली पाहिजे. चाप सोडताच दांडा आपोआप किंचित मागे यायला हवा, नाहीतर मागे उरलेल्या दाबाने माल गळत राहतो आणि बाकावर थेंब साचतात. (ते नंतर पटाशीने खरवडायचे काम कोणाकडे येते, हे सांगायला नको.)

याच हिशेबाने एका कार्ट्रिजमध्ये साधारण साडेदहा मीटर रेघ निघते. अर्ज देणाऱ्यांनी गाडीच्या सगळ्या सांध्यांची लांबी टेपने मोजून मला आणून द्यावी. सगळे मिळून दोन-तीन कार्ट्रिजचे काम असेल तर १८:१ ची चांगली हातगन पुरे, उरलेल्या पैशांत क्लॅम्प येतील. दहा-बारा लागणार असतील तर बॅटरीच्या गनला माझी संमती आहे. हवेची गन मी घेणार नाही. आपला कॉम्प्रेसर एका कोपऱ्यात, गाडी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधून नळी ओढत फिरायचे.

बॅटरी वर्कशॉपमधल्या ड्रिलचीच बसते का, तेही पाहावे. बसत असेल तर नुसती गन घेऊन भागते, चार्जरचा वेगळा खर्च पडत नाही. आणि दुकानात जाताना पॉलियुरेथेनचे एक कार्ट्रिज बरोबर न्यावे. दुकानदार सिलिकॉन भरून प्रात्यक्षिक दाखवतो, आणि सिलिकॉनवर कोणतीही गन छानच चालते.