साथ येण्याआधी गावाची मोजदाद

पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्यात साथरोग नियंत्रणाच्या बैठका सुरू होतात. औषधांचा साठा तपासला जातो, नियंत्रण कक्षाचे फोन नंबर जाहीर होतात, नाल्यांची पाहणी होते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु संकटाच्या वेळी आरोग्य कर्मचाऱ्याला सर्वांत आधी जी माहिती लागते, ती औषधांच्या कपाटात सापडत नाही. आपल्या हद्दीत माणसे किती आणि ती रात्री झोपतात कोठे, ही ती माहिती होय. काल्हेरसारख्या गावात तीच मिळवणे सर्वांत कठीण झाले आहे.

ठाण्याहून बाळकुममार्गे कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर लागते. मूळचे हे खाडीकाठचे गाव. पुढे भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहिली आणि त्यांच्यामागोमाग निवासी इमारती आल्या. गोदामांत माल चढविणारे-उतरविणारे हमाल, पॅकिंग करणाऱ्या बाया, टेम्पोचालक, रखवालदार यांतील बरेचजण परप्रांतांतून किंवा राज्याच्या इतर भागांतून आलेले असतात. कोणी गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतो, कोणी भाड्याच्या एका खोलीत सात-आठजणांबरोबर. मुकादम बदलला की माणसेही बदलतात. मतदार यादीत त्यांची नावे नसतात, रेशनकार्ड गावाकडे असते.

शासकीय मापदंडाप्रमाणे सपाटीच्या भागात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण एक हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती असावी. हा हिशेब जनगणनेच्या आकड्यावर चालतो आणि हाती असलेले जनगणनेचे आकडे २०११ सालचे आहेत. त्यात हद्दींची गुंतागुंत निराळीच. काल्हेरला ग्रामपंचायत आहे, म्हणून आरोग्यसेवा जिल्हा परिषदेची. भिवंडीभोवतालच्या साठ गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे, त्यांत काल्हेरही आले. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय भिवंडी शहरात, ते राज्य शासनाचे. आपत्ती व्यवस्थापनाची सूत्रे २००५ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे. एरवी ही वाटणी कोणाला जाणवत नाही. मध्यरात्री एखाद्या कंपाउंडमध्ये वीस माणसांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर पहिला फोन कोणाला करायचा हे ठरलेले नसले म्हणजे ती जाणवते.

भिवंडी परिसराने अलीकडच्या काही वर्षांत या मोजदादीची किंमत पुरेपूर अनुभवली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि यंत्रमाग व गोदामे बंद पडली. हजारो कामगार मुंबई-नाशिक महामार्गाने पायीच गावाकडे निघाले. पुढे मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. अशा गाड्यांसाठी याद्या करणे, तपासण्या करणे, परवानग्या देणे हे सारे काम घाईघाईने उरकावे लागले. जे लोक वर्षानुवर्षे येथे राहत होते, त्यांची यादी ते जाण्याच्या वेळी तयार झाली!

दुसरा प्रसंग गोवराचा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराचा उद्रेक झाला. भिवंडी आणि मालेगाव येथेही रुग्ण आढळले आणि राज्यात काही बालके दगावली. गोवर हा अत्यंत संसर्गजन्य आजार आहे. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना रोग देऊ लागते, म्हणजे आईला संशय येईपर्यंत शेजारच्या खोल्यांतील मुलांना तो लागलेला असतो. साथ रोखायची तर शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांना लशीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. नववा महिना पूर्ण होताच पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा. पण शंभर मुले कोणती? हंगामापुरते आलेले कुटुंब आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत नसेल, तर तेथील मूल राहून गेले हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. नोंदवहीत लसीकरण शंभर टक्के आणि कंपाउंडमध्ये निम्मी मुले बिनलशीची, असा प्रकार घडू शकतो.

येथे पालकांसाठी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. लसीकरण सरकारी केंद्रात मोफत असते व ते कोणत्याही गावी घेता येते. गावाकडचे कार्ड हरवले म्हणून मुलाला घरी बसवू नये. आधी लस दिली होती की नाही हे आठवत नसेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गोवर-रुबेलाची लस पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. गोवर झालाच, तर देवीचा कोप समजून मुलाला अंधारात कोंडू नये. त्याला दवाखान्यात न्यावे. वयाप्रमाणे सलग दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा दिल्यास डोळ्यांची हानी आणि मृत्यूचा धोका कमी होतो.

तिसरा धोका खाडीकाठच्या गावाला दरवर्षीचाच, तो पुराच्या पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाचकांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर मुंबई-ठाणे परिसरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. जेथे धान्य आणि खाद्यपदार्थ साठविले जातात तेथे उंदीर असणारच, म्हणून गुडघाभर पाण्यातून माल हलविणाऱ्या हमालास हा धोका इतरांपेक्षा अधिक. पाण्यात काम केल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसतात. कावीळ दिसू लागली किंवा लघवी कमी झाली, तर एक तासही दवडू नये. पाण्यातून वावरलेल्या माणसाला पहिल्या तीन दिवसांत डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा देता येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, कारण लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना हे औषध चालत नाही. तीन दिवसांची ही मुदत महत्त्वाची आहे. कोणत्या कंपाउंडमध्ये पाणी शिरले आणि तेथे किती माणसे होती हे चौथ्या दिवशी कळले, तर गोळ्या असूनही त्यांचा उपयोग राहत नाही.

पूर ओसरल्यावर रस्त्याच्या कडेने पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढलेल्या दिसतात. छायाचित्रात त्या उत्तम दिसतात! टीसीएल पावडर खरी लागते ती पिण्याच्या पाण्याच्या टाकीत. ती टाकल्यावर अर्ध्या तासाने गावाच्या शेवटच्या नळाशी ओटी चाचणी करावी. पाण्याला पिवळी छटा आली म्हणजे क्लोरीन तेथवर पोचला. टाकीखालच्या नळाशी चाचणी करून समाधान मानू नये. टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या चाळींत ही तपासणी स्वतंत्रपणे व्हावी लागते. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्थितीनुसार हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे नागरिकांनी जरूर विचारावे.

गोदामांच्या पट्ट्यात इमारत कोसळणे आणि आग हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत. २९ एप्रिल २०२३ रोजी जवळच्याच वळ गावच्या हद्दीत वर्धमान कंपाउंडमधील इमारत कोसळली आणि आठजण मृत्युमुखी पडले. खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे, अशी ती इमारत होती. अशा ढिगाऱ्यापाशी बचाव पथक पहिल्यांदा विचारते, आत किती होते? आगीच्या वेळी दुसरा प्रश्न येतो, आत कोणता माल होता? धुराने गुदमरलेल्या माणसाला रुग्णालयात आणले, तर जळालेल्या रसायनाचे नाव कळल्याने डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते. डोळ्यांत रसायन गेल्यास नावाची वाट पाहू नये, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळे किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावेत.

तेव्हा काल्हेरमध्ये करायचे काय? यासाठी नवीन खाते नको की मोठा निधी नको. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने प्रत्येक कंपाउंडची एकपानी नोंद ठेवावी. दिवसा किती माणसे, रात्री मुक्कामास किती, पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, मुकादमाचा व मालकाचा फोन, पाणी कोठून येते, कोणता ज्वलनशील अथवा विषारी माल साठविला आहे, एवढे पुरे. क्षयरोग, मधुमेह, फिट्स यांची रोजची औषधे घेणाऱ्यांची यादी मात्र आरोग्यसेविकेकडेच राहू द्यावी, ती चारचौघांत वाचायची नाही. पूर येणार असे दिसताच या रुग्णांना दोन आठवड्यांची औषधे आधीच देता येतील, म्हणून ती हवी.

ही नोंद पोलिसी चौकशी वाटता कामा नये. तसे वाटले, तर माणसे लपतील आणि आकडा खोटा येईल. म्हणून विचारायला आशाताई जावी, बरोबर त्या लोकांची भाषा बोलणारा एखादा कामगार असावा, आणि हे संध्याकाळी करावे. सकाळी गेल्यास रात्रपाळीची माणसे झोपलेली असतात, दिवसपाळीची कामावर गेलेली असतात.

खाजगी डॉक्टरांचाही वाटा मोठा आहे. हमाल ताप आला की आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. एकाच कंपाउंडमधून आठवड्यात तीन-चार सारखेच रुग्ण आले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा. रोग सर्वेक्षणाची व्यवस्था देशात २००४ पासून आहे, पण तीही कोणीतरी कळविल्यावरच हलते.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असे सुचवावेसे वाटते. नोंदींची एक प्रत उपकेंद्रात, एक ग्रामपंचायतीत आणि एक तहसील कार्यालयात असावी. दर तीन महिन्यांनी ती नव्याने लिहावी. उपकेंद्रातील प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवावी. १०८ ही रुग्णवाहिका आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्ष, हे दोन क्रमांक प्रत्येक कंपाउंडच्या फाटकावर मराठी व हिंदीत रंगवून घ्यावेत, आणि त्याखाली त्या कंपाउंडचे नाव व जवळची खूण लिहावी. नवख्या हमालाला फोन करता येतो, पण आपण कोठे आहोत ते सांगता येत नाही.