रविवारी शिफ्ट असेल तर चर्चचं काय? श्रद्धा आणि हजेरीचं गणित

तळेगाव दाभाडे म्हटलं की आता आठवते एमआयडीसी, कंपनीच्या बस आणि तीन पाळ्या. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. इतरांना त्याचं काही वाटत नाही. पण ख्रिस्ती कामगारापुढे दर आठवड्याला प्रश्न उभा राहतो: आज चर्चला गेलो नाही, तर माझी श्रद्धा कमी झाली का?

घरातली मोठी माणसं म्हणतात, देवासाठी एक तासही निघत नाही का? तरुण म्हणतात, देव काय फक्त चर्चमध्येच आहे? दोघांच्या म्हणण्याला आधार आहे.

रविवारची सुट्टी आली कुठून?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इसवी सन ३२१ मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र ही सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने रविवारऐवजी दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची मुभा ठेवली.

चर्चचा नियम काय आहे?

कॅथलिक चर्चमध्ये रविवारी मिस्साला जाणं बंधनकारक आहे. मात्र आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी मिस्साला गेलं तरी ते बंधन पूर्ण होतं. आजारपण किंवा तान्ह्या बाळाची काळजी अशा गंभीर कारणासाठी सूट आहे. योग्य कारण असेल तर धर्मगुरूही सूट देऊ शकतात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये असा लेखी कायदा सहसा नसतो. पण एकत्र येणं सोडू नका, असं बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात सांगितलं आहे. पाळक त्याचीच आठवण करून देतात.

चर्चला न जाणारा अश्रद्ध असतो का?

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९४ च्या पुस्तकात दाखवलं की, अनेक लोक देव मानतात, पण कुठल्या चर्चशी बांधलेले राहत नाहीत.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण कुठल्याही एका पंथाची चौकट मुकाट्याने मान्य केली नाही. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तळेगावजवळच्या देहूचे तुकोबा हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल आहे, असं ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

इथे एक गोष्ट सुटते. टिळकांनी मिशन सोडलं, पण एकत्र येणं सोडलं नाही. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही सामुदायिक प्रार्थना होतच होती.

मग जायचं कशासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. नोकरीसाठी परगावाहून आलेल्या कुटुंबाला ओळखीची माणसं भेटतात ती बहुतेक वेळा चर्चमध्येच. दवाखान्यात रात्री थांबायला कोण येणार, घरात कुणी गेलं तर खांदा कोण देणार, या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात. चार रविवार दिसला नाहीत, तर कुणीतरी फोन करतं.

आषाढीला सुट्टी न मिळालेला वारकरी घरी हरिपाठ म्हणतो. त्याची भक्ती कमी ठरत नाही, पण वारी नकोच असंही तो म्हणत नाही. चर्चचंही तसंच आहे. रविवारी शिफ्ट असेल तर शनिवारची मिस्सा किंवा आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा हे पर्याय आहेत. फादरना किंवा पाळकांना शिफ्टचं वेळापत्रक सांगून ठेवलं, तर न जाण्याचा अर्थ कुणी भलताच काढणार नाही. घरातल्या मोठ्यांनाही ते एकदा नीट सांगायला हवं.