पात्यावरील अक्षरे आणि वस्तूचा काळ : बूट-सुरीच्या कालनिर्णयाचा विचार

बुटाच्या आत खोचून अथवा त्याच्या कडेला अडकवून बाळगावयाच्या आखूड सुरीला जुन्या शस्त्रांचे संग्राहक ‘बूट-नाईफ’ असे म्हणतात. तिला येथे बूट-सुरी म्हणावे. पाते अरुंद व टोकदार, मूठ सडपातळ, आणि म्यानाच्या पाठीशी बुटाच्या काठाला पकडणारी चाप ही तिची सर्वसाधारण लक्षणे होत. अशी सुरी हाती आली म्हणजे ती कोठली व केव्हाची, असे दोन प्रश्न उभे राहतात. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा पात्यावरच कोरलेले असते. परंतु तेच उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही लागू आहे अशी समजूत करून घेतल्यामुळे कालनिर्णयात अनेक चुका होतात. पात्यावरील लेख हा सनावळीचा दाखला नसून एक भाषिक पुरावा आहे, आणि भाषिक पुराव्याच्या वाचनाचे जे नियम आहेत तेच त्यालाही लागू पडतात, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. आकारावरून वस्तूचे कूळ कळते, वय क्वचितच कळते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांच्या झटापटीच्या सुरीला लाकडी मूठ, पोलादी म्यान आणि म्यानाच्या पाठीवर स्प्रिंगसारखी चाप असे. तीमुळे ती बुटात किंवा डगल्याच्या काठाला अडकविता येई. इंग्लंडमध्ये विल्यम फेअरबेर्न व एरिक साइक्स या शांघाय पोलिसांतील दोन अधिकाऱ्यांनी १९४० मध्ये विल्किन्सन सोर्ड या कंपनीकडून कमांडो तुकड्यांसाठी दुधारी सुरी तयार करविली. ती केवळ बुटासाठी योजलेली नव्हती, तथापि पुढील काळातील अनेक बूट-सुऱ्यांनी तिच्याच पात्याचे अनुकरण केले. या सुरीचे तीन घाट मानले जातात. पहिल्यात मुठीपुढची आडवी पट्टी इंग्रजी ‘एस्’ अक्षराप्रमाणे वळविलेली आहे. दुसऱ्यात ती सरळ झाली. १९४३ पासूनच्या तिसऱ्या घाटात मुठीवर एकाखाली एक कडी ओतलेली दिसतात. यावरून क्रम स्पष्ट होतो. परंतु तिसऱ्या घाटाच्या सुऱ्या युद्ध संपल्यावरही अनेक दशके बनत राहिल्या. म्हणून कड्यांची मूठ पाहून ‘१९४३ पूर्वीची नव्हे’ एवढेच म्हणता येते. ‘१९४३ ची’ असे म्हणता येत नाही.

या दोन विधानांतील अंतर हाच कालनिर्णयाचा गाभा होय. ज्या वर्षापूर्वी वस्तू असूच शकत नाही ती तिची पूर्वमर्यादा, आणि ज्या वर्षानंतर ती घडलेली असू शकत नाही ती उत्तरमर्यादा. पात्यावरील शब्द बहुधा केवळ पूर्वमर्यादा देतात. उत्तरमर्यादा वस्तूच्या बाहेरूनच, म्हणजे तारीख असलेल्या पावतीवरून, छायाचित्रावरून अथवा संग्रहालयाच्या नोंदवहीवरून मिळवावी लागते.

आता शब्दांकडे वळू. पात्यावर देशाचे नाव येते ते बहुतेक वेळा कायद्याच्या सक्तीने. इंग्लंडमधील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन ही सुऱ्या-कात्र्यांची दोन प्रसिद्ध गावे. झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने विकला जातो, अशी इंग्रज कारागिरांची तक्रार होती. तिचा परिणाम म्हणून ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा केला आणि त्यातून ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द रूढ झाले. ज्या शब्दांनी ग्राहकाला सावध करावयाचे होते तेच शब्द पुढे उत्तम मालाची ग्वाही ठरले. अर्थपरिवर्तनाचे असे ठळक उदाहरण व्यापाराच्या भाषेत विरळाच सापडेल. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे आवश्यक झाले. म्हणून पात्यावर एकटेच ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ दिसले तर ती सुरी १८९१ नंतर निर्यातीसाठी घडली असण्याचा संभव मोठा. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. देशी बाजारासाठी बनलेल्या मालावर ही सक्ती नव्हती; तेव्हा देशाचे नाव नाही एवढ्यावरून सुरी जुनी ठरत नाही. शिवाय नाव घासून काढणे काही कठीण नसते.

राज्यांची नावे बदलतात तेव्हा ठशाचा उपयोग अधिक नेमका होतो. ‘ऑक्युपाईड जपान’ हे शब्द दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानचे. ती व्यवस्था १९४५ मध्ये सुरू झाली व एप्रिल १९५२ मध्ये संपली. येथे एकाच शब्दप्रयोगातून दोन्ही मर्यादा हाती येतात, आणि म्हणूनच तो अपवादात्मक मोलाचा आहे. ‘वेस्टर्न जर्मनी’ अथवा ‘वेस्ट जर्मनी’ हे ठसे सर्वसाधारणपणे १९४९ मधील विभाजित राज्याच्या स्थापनेनंतरचे आणि १९९० मधील एकीकरणापूर्वीचे. ‘पाकिस्तान’ हा ठसा १९४७ पूर्वीचा असू शकत नाही.

काही ठशांत मात्र शब्दच नसतात. १९४० पासून जर्मन शस्त्रनिर्मितीत कारखान्याच्या नावाऐवजी सांकेतिक अक्षरे वापरली जाऊ लागली. ‘सीओएफ’ ही तीन अक्षरे म्हणजे झोलिंगेनचा कार्ल आइकहोर्न हा कारखाना. ती त्या नावाची आद्याक्षरे नव्हेत. कारखाना कोणता हे शत्रूला कळू नये यासाठीच त्या दोहोंत कोणताही उघड संबंध ठेवलेला नाही. चिन्ह आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हा भाषाशास्त्राचा सिद्धान्त येथे हेतुपुरस्सर अंमलात आणलेला दिसतो. अशा अक्षरांना आद्याक्षरे समजून एखाद्या कारखान्याचे नाव तर्काने बसविणे म्हणजे शब्दांची लौकिक व्युत्पत्ती लावण्यासारखेच होय.

शब्दाची साक्ष द्रव्याच्या साक्षीशी जुळवून पाहिली पाहिजे. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये सिद्ध केले; तेव्हा ज्या पात्यावर ‘स्टेनलेस’ किंवा त्याच अर्थाचा ‘रोस्टफ्राय’ हा जर्मन शब्द आहे, ते पाते एकोणिसाव्या शतकातील असणे शक्य नाही. बेकलाइटचा शोध १९०७ चा. अधिक-चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० नंतरच्या दशकातला. अमेरिकन सुरीवर पेटंटचा क्रमांक असल्यास तोही उपयोगी पडतो : दहा लाखावे पेटंट १९११ मध्ये, वीस लाखावे १९३५ मध्ये, तीस लाखावे १९६१ मध्ये आणि चाळीस लाखावे १९७६ मध्ये दिले गेले. हीदेखील पूर्वमर्यादाच होय, कारण पेटंट मिळाल्यानंतर तोच क्रमांक वर्षानुवर्षे ठोकला जातो. अशा अनेक पूर्वमर्यादा एकत्र आल्या म्हणजे त्यांतील सर्वांत अलीकडची प्रमाण मानावी. मात्र मूठ किंवा स्क्रू मागाहून बदलला असेल तर ती मर्यादा दुरुस्तीची ठरते, पात्याची नव्हे. याच कारणाने सुरी व म्यान यांचा काळ नेहमी स्वतंत्रपणे ठरवावा. एकाचे म्यान दुसऱ्याच्या सुरीला बसविलेले असणे मुळीच दुर्मिळ नाही.

सर्वांत कठीण प्रश्न नकलेचा. जुना ठसा नव्या पात्यावर उमटविता येतो, आणि तसे केले जाते. मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत ग्रंथरचनेचा शके १२१२ हा काळ नोंदलेला असतो. म्हणून ती नोंद असलेली प्रत्येक पोथी शके १२१२ मधील आहे असे कोणी म्हणत नाही. लेखकू मजकुराबरोबर त्याचा काळही उतरून घेतो. पोथीचे वय कागद, शाई, अक्षरवळण आणि लेखनातील नवी रूपे यांवरून काढावे लागते. पात्याच्या बाबतीतही तेच. ठसा जुना पण अक्षरांच्या कडा बोथट, जणू दुसऱ्या पात्यावरून साचा घेतलेला; पाते झिजलेले पण ठसा मात्र कोरा; गंजाचा थर अक्षरांच्या खाचांत नाहीच; अशा विसंगती दिसल्या की संशय धरावा.

या विवेचनाचा संबंध केवळ संग्राहकांच्या खरेदी-विक्रीशी नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी १९४३ ते १९४५ या काळात इटलीत जर्मन सैन्याशी लढल्या. समजा, अशा एखाद्या सैनिकाच्या घरी ट्रंकेत एक सुरी आहे, आणि ‘आजोबांनी ती इटलीतून आणली’ असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. पात्यावर ‘वेस्टर्न जर्मनी’ हे शब्द आहेत. अभ्यासकाने येथे काय म्हणावे? ही सुरी युद्धातील नव्हे, एवढे त्याला म्हणावेच लागेल. परंतु त्यावरून आजोबा इटलीत नव्हते, असा निष्कर्ष मुळीच निघत नाही. त्यांनी सुरी आणली नव्हती, असाही निघत नाही. मूळ सुरी हरवली असेल, तिच्या जागी दुसरी आली असेल, आणि जुनी हकीकत नव्या वस्तूला चिकटली असेल. हकीकतीची परीक्षा पलटणीच्या नोंदींवरून, पत्रांवरून, पदकांवरून स्वतंत्रपणे करावी. वस्तूवरील लेख वस्तूपुरताच साक्षीदार आहे. त्याच्याकडून अधिक वदवून घेणे म्हणजे एका खोट्या तारखेच्या जागी दुसरा खोटा निर्णय बसविणे होय, आणि त्याची झळ पोचते ती एका माणसाच्या स्मृतीला.

म्हणून परीक्षणाचा क्रम पाळणे अगत्याचे आहे. सुरी घासूनपुसून लखलखीत करू नये. खाचांतील काळपट थर हाच पुरावा असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. ठसा तिरप्या उजेडात वाचावा, आणि अक्षरे जशी आहेत तशीच, तुटलेली, उलटी, अपुरी, उतरून घ्यावीत. अर्थ लावण्याचे काम त्यानंतरचे. पात्याची लांबी, रुंदी व जाडी मोजावी. मग घाट, शब्द आणि द्रव्य या तिहींच्या मर्यादा वेगवेगळ्या मांडाव्यात व शेवटी एकत्र वाचाव्यात. निष्कर्ष एका सालाच्या रूपाने न देता ‘अमुक सालानंतर, अमुक सालापूर्वी’ असा द्यावा. उत्तरमर्यादा मिळत नसेल तर ती जागा मोकळी ठेवावी. विक्रेत्याला ती मोकळी जागा अडचणीची वाटेल. पुढील अभ्यासकाला मात्र तिच्यापासूनच काम सुरू करता येईल.